फी कोणाच्या खात्यात? व्यावसायिक पदवीच्या शुल्कसवलतीची पार्श्वभूमी

पदवीच्या शिक्षणाचा खर्च सरकार, बँक आणि घर यांनी कसा वाटून घ्यायचा, याची महाराष्ट्रातली आजची घडी मुख्यतः १९८३ नंतरची आहे. त्याआधीचा मामला तुलनेने सोपा होता. अनुदानित महाविद्यालयांची फी कमी होती, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती आणि राज्यनिर्मितीच्या सुमारास वर्षाला १२०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या घरांना ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासवर्गाची, फीसवलत लागू झाली होती. १९८३ साली विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि फी हा खऱ्या अर्थाने राजकीय प्रश्न झाला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये या महाविद्यालयांतील निम्म्या जागा सरकारी दराच्या आणि निम्म्या पूर्ण फीच्या ठरवून दिल्या. म्हणजे पूर्ण फी भरणारा विद्यार्थी शेजारच्या बाकावरच्या मुलाचाही खर्च उचलत होता. २००२ च्या निकालाने ही विभागणी मोडीत काढली. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक महाविद्यालयाची फी ठरवू लागली, स्वस्त जागा संपल्या आणि तो भार सरकारी तिजोरीवर आला. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांना फीची पूर्ण प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारकडून भरपाई, इतर मागासवर्गीयांना निम्मी, आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांनाही निम्मी, असे साधारण चित्र पुढील काही वर्षांत तयार झाले. या शेवटच्या गटाची उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ एक लाख रुपये होती. २०१६ च्या मराठा मोर्चांच्या पार्श्वभूमीवर ती सहा लाखांवर आणि नंतर आठ लाखांवर गेली. सर्वाधिक वाद मात्र मर्यादेपेक्षा पैसा कोणाच्या खात्यात जावा, यावरच झाला आणि तो आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

जुन्या पद्धतीत प्रतिपूर्तीची रक्कम थेट महाविद्यालयाला मिळत असे. विद्यार्थ्याचा प्रवेश शून्य किंवा अर्ध्या फीवर होई आणि उरलेल्या रकमेची वाट संस्था पाहत असे. या व्यवस्थेत बनावट विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती उचलल्याचे प्रकार उघडकीस आले आणि २०१६ च्या सुमारास राज्याने विशेष तपास पथक नेमले. त्यावर उपाय म्हणून २०१७-१८ पासून महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन अर्ज आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट रक्कम, ही पद्धत आली. पहिल्याच वर्षी पोर्टल इतके अडखळले की कागदी अर्जांचा आधार घ्यावा लागला.

संस्थाचालकांची तक्रार अशी की, खात्यात आलेली फीची रक्कम घरात खर्च होते आणि महाविद्यालयाची थकबाकी वाढते. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. पण फी प्रवेशाच्या वेळी द्यायची आणि सरकारी हप्ता वर्ष संपत आल्यावर, कधी पुढच्या वर्षी यायचा, या तफावतीत विद्यार्थ्याचा दोष शोधणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. पुढे बहुतेक योजनांत शिक्षण शुल्काचा भाग पुन्हा महाविद्यालयाकडे वळवण्यात आला. तरी अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर ‘पेंडिंग’ राहणे, आधार क्रमांकाची जोडणी (सीडिंग) दुसऱ्याच बँकेतील खात्याशी असणे, हप्ता मंजूर होऊनही पोर्टलवरचे त्याचे व्हाउचर ‘रिडीम’ करायचे, म्हणजे रक्कम खात्यात मागवायची, राहून जाणे, या अडचणी शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीपाशी दरवर्षी दिसतात. मधल्या काळात प्रवेशाच्या वेळीच फी भरण्याचे हमीपत्र लिहून घेणे आणि थकबाकी दाखवून टीसी (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) किंवा गुणपत्रिका अडवणे, हे मनाई करणारी परिपत्रके निघूनही थांबलेले नाही.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. पूर्वीच्या सूत्रानुसार ठरावीक रकमेपर्यंतचा भार राज्याचा आणि त्यावरचा केंद्राचा होता. तो राज्यांना पेलेना, तेव्हा २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असे नवे प्रमाण ठरले. २०२१-२२ पासून राज्याने आपला वाटा दिल्यानंतरच केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. एकाच विद्यार्थ्याच्या फीचे दोन तुकडे दोन वेळांना येऊ लागले आणि महाविद्यालयातील लिपिकाला कोणता आला, कोणता राहिला, याची स्वतंत्र नोंदवही ठेवणे भाग पडले. फीव्यतिरिक्त राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याची चर्चा याच्या तुलनेत फारच कमी झाली. बीए-बीकॉमसारख्या अभ्यासक्रमाला घरून ये-जा करणाऱ्या मुलाला २०१० च्या दरांनुसार महिन्याला ३०० रुपये मिळत, आणि नव्या दरांनी ते वर्षाला ३००० रुपये झाले.

कर्जाचा मार्ग तुलनेने उशिरा रुळला. बँकांच्या २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेने चार लाखांपर्यंत तारण मागू नये असे ठरवले, तर २००९-१० पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणकाळातील व्याज केंद्राने भरायला सुरुवात केली. ही सवलत मुख्यतः तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती होती, त्यामुळे साध्या बीएच्या विद्यार्थ्याच्या हिशेबात कर्ज क्वचितच आले.

जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळू लागली, तर त्याच गटांतील मुलांना निम्मीच सवलत कायम राहिली. महाविद्यालय वेगळे घेते ते विकास शुल्क या गणितात धरलेले नसल्याने ‘मोफत शिक्षण’ ऐकून प्रवेशाला आलेल्या पालकांच्या हाती काउंटरवर तरीही एक पावती पडते.