दुधाला ‘लात’ म्हणणारी भाषा

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. अशाच एका दुपारी कूलरसमोर बसून मी आणि पुण्याहून सुट्टीला आलेली भाची नवी भाषा बनवत होतो. अट एकच, ती लॅटिनची लेक असली पाहिजे.

भाचीला वाटलं, सुचतील ते शब्द ठोकून द्यायचे. पण या खेळात शब्द बनवायचेच नसतात. उच्चार कसे झिजतात याचे नियम ठरवायचे, मूळ शब्द त्या चरकातून काढायचे आणि निघेल तो रस मुकाट्याने प्यायचा.

पहिला नियम आपल्या ताटातच आहे. संस्कृतात शिजलेल्या अन्नाला ‘भक्त’ म्हणत. त्याचं प्राकृतात ‘भत्त’ झालं, मराठीत ‘भात’. तसंच सप्त, सत्त, सात. जोडाक्षरातली दोन व्यंजनं आधी एकसारखी होतात, मग त्यातलं एक जातं आणि आधीचा स्वर लांबतो. पंजाबी मधल्याच पायरीवर थांबली. ती अजून ‘सत्त’ म्हणते. लॅटिनची थोरली लेक इटालियनही तिथेच बसून आहे: सातला ‘सेप्तेम’चं ‘सेत्ते’, रात्रीला ‘नोक्तेम’चं ‘नोत्ते’, दुधाला ‘लाक्तेम’चं ‘लात्ते’. (कॉफीच्या दुकानातलं ‘लाते’ ते हेच. शब्दाचा अर्थ नुसता दूध!)

आम्ही मराठीसारखी आणखी एक पायरी उतरलो. सेत, नोत आणि... लात.

“मामा, मला कपभर लात दे!” भाची हसून लोळली. शब्द बदलू म्हणाली. मी नाही म्हटलं. एका शब्दाला सूट दिली की चरकच बिघडला.

दुसरा नियम रामटेकच्या बाजूचा. तिथल्या नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनला, वाकाटकांची राजधानी होती. त्यांच्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाने पाचव्या शतकात ‘सेतुबंध’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. या प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकटं सापडलेलं व्यंजन बहुधा गळतं: ‘सागर’चं ‘साअर’. गुरुजींना लॅटिनमध्ये ‘मागिस्तेर’ म्हणत, इटालियनमध्ये ‘माएस्त्रो’. तोच ‘ग’, तसाच गळाला.

आता खरी मेख. नियमांचा क्रम. एकटं व्यंजन आधी गळालं आणि ‘भत्त’चा ‘भात’ नंतर झाला, म्हणून त्यातला ‘त’ वाचला. क्रम उलटा असता तर आपण वरण-‘भाअ’ खाल्ला असता.

इटलीच्या जुझेप्पे पेआनो या गणितज्ञाने १९०३ साली वेगळी वाट धरली. विभक्ती-प्रत्यय काढून टाकलेली लॅटिन त्याने मांडली. त्या लेखाची सुरुवात रीतसर लॅटिनमध्ये आहे. मग एकेक सवलत सांगायची आणि लगेच ती वापरायची असं करत शेवट नव्या भाषेत होतो. डोकं अफाट, पण मला ती भाषा इस्त्री केल्यासारखी वाटते. त्यापेक्षा १९९६ मध्ये न्यूझीलंडमधल्या एकाने रचलेली ‘ब्रिथेनिग’ जास्त आवडते. ब्रिटनमध्ये लॅटिन रुजली असती आणि वेल्श भाषेसारखी झिजली असती तर, ही तिची कल्पना.

व्याकरणाला आम्ही फारसा हात लावला नाही. एक चालू वर्तमानकाळ तेवढा जमला. लॅटिनमध्ये त्याला वेगळं रूप नव्हतं. इटालियनने ‘उभं राहणे’ या अर्थाचं क्रियापद धरून तो घडवला: ‘स्तो मांजान्दो’, मी जेवतो आहे.

“म्हणजे जेवून राहिलो?” भाचीने विचारलं. दोन दिवस ती आमच्या याच बोलण्याला हसत होती.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “काय करून राहिले रे दोघं?”

भाचीने वही ओढली आणि वाक्य उतरवून घेतलं.