तार नक्की कुठे आपटतेय? इलेक्ट्रिक गिटारमधल्या झर्र आवाजामागचं विज्ञान

इलेक्ट्रिक गिटारमधून झर्र आवाज यायला लागला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात, एक तर ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) स्क्रू पिळून सगळ्या तारा वर उचलतात नाहीतर व्हिडिओ बघून थेट नेकमधल्या, म्हणजे गिटारच्या दांड्यातल्या ट्रस रॉडला अ‍ॅलन की लावतात. आवाज सारखाच असला तरी तो येण्याची ठिकाणं चार-पाच आहेत, त्यामुळे स्क्रूला हात लावायच्या आधी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) सावकाश वाजवून ऐका, अर्धं निदान तिथेच होतं.

त्याच्याही आधी एक खात्री करून घ्या. काहीच वाजवत नसताना अ‍ॅम्पमधून घरघर येतेय आणि तारांना हात लावला की ती कमी होतेय, तर तो विजेचा मामला आहे. घरातल्या ५० हर्ट्झच्या लाइनची गडबड पिकअप (तारांखाली बसवलेला, त्यांचं हलणं टिपणारा चुंबकी भाग) पकडतो, त्यासाठी ग्राउंडिंग आणि शिल्डिंग (बाहेरची गडबड अडवणारं आवरण) बघायचं, नेकचा काही दोष नाही.

आता खरी आपटाआपटी. छेडलेली तार दोन टोकांना जवळपास स्थिर आणि मधे जास्त झोकाळते, दोरीउड्यांच्या दोरीसारखी. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर टाइपच्या गिटारवर नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत साधारण ६४८ मिलिमीटर तार असते, तिच्याखाली २१-२२ फ्रेट, आणि १७व्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मधली जागा किती, तर फेंडरच्या सेटअपच्या मापांप्रमाणे साधारण १.६ मिलिमीटर. एवढ्या फटीत तारेने मोकळं हलायचं असतं. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला ८२ वेळा हलते आणि तिचा झोका मोठा असतो, म्हणून ती बारीक तारांपेक्षा जरा उंच ठेवतात. शिवाय पिकने तार बॉडीकडे दाबून सोडली की ती थेट फ्रेटांवर आपटते, बाजूला छेडली तर त्याच उंचीवर गप्प बसते. म्हणजे काही झर्र गिटारचा नसतोच, हाताचा असतो.

तार फ्रेटवर आपटली की दोन गोष्टी होतात, स्वरातली ताकद पटकन संपते आणि वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वेगाचे उपस्वर) उसळून येतात. हाच प्रकार आपल्याकडे मुद्दाम करतात, तंबोऱ्यात! मिरजेचे कारागीर ब्रिज घासून त्याला हलका उतार देतात, तार हलताना त्या उताराला हळूच टेकत राहते, खाली दोरा सरकवून ते टेकणं जुळवायचं, तीच जवारी. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी यावर लिहिलंय. थॉमस यंगचा जुना नियम असा की तार बरोबर मधे छेडली तर दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक ऐकू यायलाच नकोत, पण तंबोऱ्यात ते चांगले ठणठणीत येतात, कारण ब्रिजवर टेकताना तार ते नव्याने तयार करते. गिटारमधे फरक एवढाच की टेकायला सलग उतार नाही, मधेच एखादी धातूची पट्टी आहे, म्हणून गोड लागायच्या ऐवजी कानाला टोचतं.

तर ठिकाण शोधू. मोकळी तार झर्र करते आणि पहिला फ्रेट दाबला की बंद, मग नटची खाच खोल गेलीय, रॉड फिरवून उपयोग नाही, खाच भरायची किंवा नट बदलायचा. पहिल्या चार-पाच फ्रेटांत आवाज येतो आणि वर, म्हणजे बॉडीकडच्या फ्रेटांवर स्वच्छ, तर नेक फार सरळ झालाय किंवा उलटा वाकलाय. वरच्या फ्रेटांवर येतो तर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) कमी किंवा नेकचा बाक जास्त. आणि एकाच जागी येत असेल तर पुढचा फ्रेट उचललेला असण्याची शक्यता जास्त, तीन फ्रेटांवर छोटी सरळ पट्टी ठेवा, ती डुगडुगली की मधला उंच आहे. ते घासायचं काम लूथियरला (गिटार बनवणारा, दुरुस्त करणारा कारागीर) द्या, घरी फाइल चालवू नका.

बाक मुद्दाम ठेवायचा असतो हे अनेकांना पटत नाही, पण झोका मधे मोठा म्हणून नेकही मधे किंचित खोल हवा. दहा-सेहेचाळीसचा सेट (बारीक तार ०.०१० इंच, जाड ०.०४६ इंच) सहा तारांचा मिळून सुमारे ४७ किलोचा ताण देतो, नऊ-बेचाळीसचा साधारण ३८-३९, आणि या ओढीला उलट जोर द्यायला नेकच्या पोटात स्टीलचा रॉड असतो, गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट १९२३ मधे मिळालं. म्हणून तारांचा गेज, म्हणजे जाडी बदलली की सेटअप हलतोच, आणि स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज असेल तर जाड तारांनी तोही वर उठतो. बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि आठव्यावर तारेखाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घाला, बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच. पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक. कमी असेल तर रॉड सैल, जास्त असेल तर घट्ट, एका वेळी पाव फेरा, परत ट्यून करून परत मोजायचं, जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबायचं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, त्यामुळे मुंबई-कोकणात जुलैमधे बसवलेला नेक डिसेंबरमधे तसाच राहील असं धरून चालू नका.

क्रम महत्त्वाचा, आधी बाक, मग सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो छोटा भाग) उंची, शेवटी इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवरचा स्वर सुरात आणणं. तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो, म्हणून बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी ट्यूनरवर जुळवतात, चढा आला तर सॅडल मागे (नटपासून लांब), उतरला तर पुढे. उंची बदलली की हा हिशोब पुन्हा बिघडतो.

एवढं करूनही वरच्या फ्रेटांवर जाड तारांचा स्वर थरथरत असेल, एकाच तारेतून दोन सूर आल्यासारखे वाटत असतील, तर पिकअप बघा. तो फार जवळ असला की त्याची चुंबकं तारेला ओढतात आणि तिचं हलणं बिघडवतात, तार कशालाच न आपटता. बाजूचे स्क्रू फिरवून पिकअप एखादा मिलिमीटर खाली घ्या आणि तोच स्वर परत वाजवून बघा.