वापरलेल्या खाद्यतेलाचे संकलन (घरगुती बायोडिझेलसाठी)

तळणासाठी वापरून बाजूला काढलेले तेल किंवा चरबी खाद्यगृहांतून, खानावळींतून आणि घरांतून गोळा करणे, पारखणे आणि इंधन करण्याजोगे होईपर्यंत सांभाळणे, याला वापरलेल्या खाद्यतेलाचे संकलन म्हणतात. घरी बायोडिझेल (तेल-चरबीपासून केलेले, डिझेल इंजिनात चालणारे इंधन) करणारे सहसा टाकी, पंप आणि मिथेनॉल (त्यासाठी लागणारे एक अल्कोहोल) यांचाच विचार आधी करतात. इंधन चांगले उतरेल की नाही, हे मात्र बरेचसे तेल ज्या कढईतून आले तिथेच ठरलेले असते. म्हणून या कामात सर्वांत जास्त मेहनत संकलनावर घ्यावी.

वनस्पती तेलावर इंजिन चालवणे जुनेच. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. पण प्रक्रिया न केलेले वनस्पती तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असते आणि इंजिनात त्याचा काजळीसारखा थर बसतो. 1937 मध्ये बेल्जियममधील संशोधक शाव्हान यांनी पाम तेलापासून केलेल्या एथिल एस्टरांचे (म्हणजे एका प्रकारच्या बायोडिझेलचे) पेटंट घेतले, आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स–लूव्हेन मार्गावर त्या इंधनाची बस धावली. वापरलेल्या तेलाचा मोठा प्रयोग ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने केला. तिथे 1994 पासून शहर बससाठी तळणाच्या तेलाचे बायोडिझेल वापरले गेले.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा (किंवा कॉस्टिक पोटॅश) यांच्या मदतीने ती सुटी होऊन मिथेनॉलला जोडली जातात, तेच बायोडिझेल. ग्लिसरीन जड असल्याने तळाशी बसते. 100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर मिथेनॉल लागते. आता तळताना काय होते ते पाहू. 160 ते 190 अंश सेल्सिअसला पदार्थातले पाणी तेलाचे रेणू फोडते आणि काही मेदाम्ले आधीच मोकळी पडतात. ही मुक्त मेदाम्ले कॉस्टिक सोड्याशी भिडली की बायोडिझेल न होता साबण होतो. साबण वाढला की तयार इंधन पाण्याने धुताना पाणी आणि इंधन वेगळे व्हायचे नाव घेत नाही, दह्यासारखा पांढरट गोळा तयार होतो आणि सगळा घाणा वाया जाऊ शकतो.

त्यामुळे तेल घेताना पहिली कसोटी आम्लाची. 1 लिटर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून द्रावण करतात. 10 मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 1 मिलीलिटर तेल मिसळून त्यात फिनॉल्फथॅलीनचे (आम्ल संपले की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकतात, आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. जितके मिलीलिटर लागले तितके ग्रॅम कॉस्टिक सोडा, ताज्या तेलाला लागणाऱ्या प्रमाणाहून जादा, दर लिटर तेलामागे लागेल. प्रत्येक मिलीलिटर म्हणजे साधारण पाऊण टक्का मुक्त मेदाम्ल, आणि लिटरमागे सुमारे साडेसात ग्रॅम साबण. 1–2 मिलीलिटरचे तेल आनंदाने घ्यावे, 3 पर्यंतचे चालते. 5 आले तर लिटरमागे 38 ग्रॅमच्या आसपास साबण होणार, तेव्हा नवशिक्याने ते नाकारलेलेच बरे. असे तेल, आधी मिथेनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीने त्यातल्या मुक्त मेदाम्लांचेही बायोडिझेल करून, वापरता येते, पण गरम मिथेनॉल आणि तीव्र आम्ल एकत्र हाताळणे घरातल्या साधनांना पेलणारे नाही. रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. काळपट तेल कधी कमी आम्लाचे निघते, तर पिवळेधमक दिसणारे बरेच बिघडलेले असते.

दुसरी कसोटी पाण्याची. थोडे तेल तव्यावर तापवले आणि तडतडले, तर पाणी आहे. नेमका आकडा हवा असेल तर मोजून घेतलेले तेल 100 अंशांच्या वर, बुडबुडे थांबेपर्यंत तापवून पुन्हा वजन करावे. ओले तेल फेकायचे कारण नाही. ते 50–60 अंशांपर्यंत कोमट करून एक-दोन दिवस न हलवता ठेवले की पाणी आणि गाळ खाली निवळतात, वरचे तेल काढून घेता येते. घाई इथेच नडते.

तिसरी बाब तेलाच्या जातीची. पाम तेल, प्राणिज चरबी आणि हायड्रोजनीकरण केलेले तूप यांत संतृप्त मेद जास्त असतो, त्यामुळे त्यांचे बायोडिझेल थंडीत गढूळ होऊन गोठते. पाम तेलाच्या बायोडिझेलमध्ये 13–16 अंशांच्या सुमारास ढगाळपणा येतो, सोयाबीनच्या बायोडिझेलमध्ये शून्याच्या जवळपास. थंड हवेत गाडी चालवायची असेल तर ही माहिती देणाऱ्याकडून आधीच विचारून घ्यावी. सांडपाण्याच्या चेंबरमधून उपसलेली चरबी मात्र घेऊच नये. ती पाणी, साबण, गंधकयुक्त घाण आणि अतिशय जास्त आम्ल यांनी भरलेली असते.

तेल कुणाकडून मिळवावे, याचे उत्तर सोपे आहे: मोजक्या, पण नेहमीच्या ठिकाणांहून. दहा ठिकाणांचे मिसळलेले तेल दर खेपेला वेगळे वागते. रोज एकाच प्रकारचे पदार्थ तळणाऱ्या आणि तेल वेळेवर बदलणाऱ्या दोन स्वयंपाकघरांचे तेल जवळजवळ सारखे असते, त्यामुळे सोड्याचे प्रमाणही हाताशी बसते. अनेक देशांत तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांना (तेल तापून बिघडताना वाढणाऱ्या घटकांना) 24 ते 27 टक्क्यांची मर्यादा आहे. जिथे ती पाळली जाते, तिथले टाकाऊ तेल घरगुती कामाला अगदी योग्य असते. पिठात घोळवून पदार्थ तळणाऱ्यांकडे गाळ जास्त, मांस-मासे तळणाऱ्यांकडे चरबी आणि वास जास्त, हे लक्षात ठेवावे.

मालकाशी बोलताना आपण काय घेणार नाही हेही स्पष्ट सांगावे: पाणी, साबण, भांडी धुतलेले खरकटे. झाकणाचा स्वच्छ डबा आपण पुरवावा, त्यावर नाव लिहावे आणि ठरल्या दिवशी न चुकता उचलावा. डबा ओसंडून वाहिला की मालकाचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणे कठीण असते. तेल थंड झाल्यावरच भरावे. 20 लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये सुमारे 18 किलो तेल असते, त्यामुळे जिना, वाहन आणि पाठ या तिन्हींचा विचार आधी करावा. आधीच कुणाशी करार झालेले तेल घेऊ नये. मोठे बायोडिझेल आणि विमान इंधन उद्योग याच तेलाच्या शोधात असल्याने त्याला किंमत आली आहे, आणि मागील दाराशी ठेवलेला डबा न विचारता नेणे ही सरळ चोरी होय. अनेक ठिकाणी संकलन, वाहतूक आणि इंधननिर्मिती यांसाठी परवाना किंवा नोंदणी लागते. लहान प्रमाणातही स्थानिक नियम आधी तपासावेत.

घरी आणलेले तेल आधी जाड जाळीतून, मग बारीक फडक्यातून गाळावे. प्रत्येक डब्यावर ठिकाण, तारीख आणि आम्लाचा आकडा लिहावा. घाणा बिघडला तर दोष कुठून आला, हे त्या चिठ्ठीवरूनच कळते. डबे बंद, सावलीत आणि शक्यतो काठोकाठ भरलेले ठेवावेत, कारण हवा आणि ओल तेलाला आणखी खवट करतात. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगाने ठेवू नयेत. हवेशी संयोग होताना ती आतून तापत जातात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत. मिथेनॉल तेलाच्या साठ्याजवळ ठेवू नये. ते विषारी असून त्याची ज्वाळा दिवसा जवळपास दिसत नाही.

नाकारलेले तेल मोरीत ओतणे सर्वांत वाईट. ते नळीत गोठून सांडपाणी अडवते. साबण किंवा औद्योगिक बायोडिझेल करणारे अधिकृत संकलक जास्त आम्लाचे तेलही घेतात. नाकारलेले डबे भरत आले की त्यांना बोलवावे.