बर्फाखाली जन्मलेला डोंगर

३० सप्टेंबर १९९६ च्या रात्री आइसलंडमधल्या वात्नायोकुल हिमनदीखाली जमीन फाटली. वर अर्धा किलोमीटरहून जाड बर्फ होता. सुरुवातीला दिसलं ते एवढंच, की बर्फाचा पृष्ठभाग खचतोय. साधारण ३१ तासांनी वाफ आणि राख वर फुटली. तेरा दिवसांनी उद्रेक थांबला, तेव्हा खाली सुमारे सहा किलोमीटर लांबीची डोंगररांग उभी होती. तिचं नाव ग्याउल्प.

उघड्यावर लाव्हा पसरतो, आपल्या सह्याद्रीच्या पायऱ्या तशाच थरांनी झाल्या. बर्फाखाली त्याला पसरायला जागाच नसते. बर्फ वितळून झालेल्या पाण्यात तप्त रस शिरला, की तडकून त्याचे काचेचे कण होतात. ते भेगेच्या दोन्ही बाजूंना साचत जातात आणि बर्फाच्या भिंती त्यांना आवरून धरतात. म्हणून रांग अरुंद आणि उभ्या चढाची होते. पुढे गरम पाणी मुरून ही काच तपकिरी पडते, कण एकमेकांना चिकटतात. आइसलंडचे लोक या खडकाला मोबेर्ग म्हणतात. त्याचा तुकडा हातात घेतला तर पिवळट-तपकिरी चिकट्यात अडकलेले काळे काचकण डोळ्यांना दिसतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पाणी. तेरा दिवसांत जवळजवळ तीन घन किलोमीटर बर्फ वितळला, पण किनाऱ्याकडच्या नद्यांना पूर आला नाही. सगळं पाणी बर्फाखालून ग्रीम्सवोत्न या शेजारच्या ज्वालामुखीतल्या, बर्फाने झाकलेल्या तळ्यात साठत गेलं. पाच आठवडे लोक वाट पाहत होते. ५ नोव्हेंबरला तळ्याने बर्फाचा बांध उचलला. ऐन भरात सेकंदाला सुमारे ५०,००० घनमीटर पाणी आणि त्यात घराएवढे हिमखंड! एक पूल समूळ गेला, दुसऱ्याचा काही भाग तुटला. जीव मात्र एकाचाही गेला नाही. पिळवटलेल्या तुळया आजही स्काफ्ताफेलजवळ रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. नॉर्स पुराणातली ग्याउल्प ही नदीला पूर आणणारी राक्षसीण. नाव अगदी चपखल.

ती रांग आता पुन्हा बर्फाखाली आहे. उद्रेक आणखी टिकता, तर ती पाण्याबाहेर आली असती आणि माथ्यावर लाव्हा सपाट पसरला असता. हेर्दुब्रेइद या १६८२ मीटर उंच डोंगराचं तसंच झालं. त्याच्या कड्यावर जिथे मोबेर्ग संपतो आणि लाव्हाचे थर सुरू होतात, ती रेघ पाहून हिमयुगात तिथे बर्फ किती जाड होता, याचा अंदाज बांधता येतो.