कापसाच्या बोंडापासून रोबोपर्यंत : प्राथमिक शाळेतल्या स्टेम गट-प्रकल्पांची पार्श्वभूमी

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तिथल्या मुलांच्या एका गटाने अर्धा तास बसून कापसाच्या बोंडांतून सरकी वेगळी केली. हाती लागला एक औंसापेक्षाही कमी, म्हणजे 28 ग्रॅमही नाही एवढा कापूस. हाताने काम केलं तर एका माणसाचा दिवसभरात जेमतेम पौंडभर कापूस होईल, हे मुलांना पटलं. आपले पूर्वज सुतीऐवजी लोकरीचे कपडे का घालत, हेही त्यातून उमगलं. विज्ञान, यंत्र आणि हिशेब एकाच कामात आले. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘स्टेम’ (STEM) हा शब्द जन्माला यायला मात्र अजून शतकभर अवकाश होता.

हातांनी शिकण्याची कल्पना त्याहूनही जुनी. जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे 1837 मध्ये फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली; तिच्यातूनच पुढे किंडरगार्टन आलं. आठ लहान घनांत सुटणारा लाकडी घन हे त्यांच्या खेळसाहित्यातलं एक साधन. पुढे 1918 मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांच्या लेखामुळे ‘प्रकल्प पद्धती’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची झाडाझडती सुरू झाली. 1960 च्या दशकात प्राथमिक वर्गांसाठी नवे संच तयार झाले. त्यांतला बॅटरी आणि बल्बचा संच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एक सेल, एक छोटा बल्ब, एक तार. दिवा लावून दाखवा, एवढंच काम. बल्बला दोन ठिकाणी जोडणी लागते, एक बुडाशी आणि एक धातूच्या कडेला, हे कोणी आधी सांगत नाही. चुकीच्या जोडण्या करत करत विजेचं मंडल पूर्ण होणं म्हणजे काय, हे मूल स्वतःच शोधून काढतं.

पण चार मुलांना एका टेबलाभोवती बसवलं म्हणून गट होत नाही. एक जण जोडतो, बाकीचे बघतात. या अडचणीवरचा महत्त्वाचा उपाय विज्ञानाच्या तासातून आलाच नाही. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळांतलं वर्णभेदी विभाजन नुकतंच संपलं होतं आणि वर्गांत तणाव होता. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट आरन्सन यांनी पाठाचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. ज्याच्याकडे हवा तो तुकडा आहे, त्याचं ऐकल्याशिवाय इतरांचं काम पुरं होत नसे. त्यामुळे दुर्लक्षित मुलाकडेही लक्ष देणं भाग पडलं. आजच्या प्रकल्पांत सामान सांभाळणारा, मोजणारा, नोंद ठेवणारा अशी कामं वाटून दिली जातात, त्यामागेही एकमेकांवाचून अडावं हाच विचार आहे. कामं आळीपाळीने बदलली नाहीत तर तो विचार कागदावरच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान गणितज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. 1998 मध्ये रोबो बांधणाऱ्या शालेय संघांची फर्स्ट लेगो लीग ही स्पर्धा सुरू झाली. तिथे रोबोच्या कामगिरीबरोबर संघभावनेलाही गुण असतात. ‘स्टेम’ हे नाव 2001 च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रुळलं. आधी तीच अक्षरं ‘एसएमईटी’ (SMET) अशा क्रमाने लिहिली जात. 2013 मध्ये तिथल्या नव्या विज्ञान मानकांनी अभियांत्रिकी रचना थेट बालवर्गापासून आणली. बांधा, तपासा, सुधारा, पुन्हा बांधा हा क्रम तिथल्या अनेक राज्यांत पाच-सहा वर्षांच्या मुलांच्याही अभ्यासक्रमात आहे.