प्लीट आणि प्लॅट

इंग्रजीतले हे दोन शब्द मुळात एकच. आज प्लीट म्हणजे कापडाला मोजून घातलेली निरी आणि प्लॅट म्हणजे पेड गुंफून घातलेली वेणी, पण ही वाटणी बरीच अलीकडची.

दोन्हींचं मूळ लॅटिन प्लिकारे, म्हणजे घडी घालणे, तिथून जुन्या फ्रेंचमधून साधारण १४०० च्या आसपास प्लॅट इंग्रजीत आला असं धरतात, आणि नाम म्हणून त्याचा आधीचा अर्थ घडी, वेणी मागाहून. प्लीट हे त्याचंच दुसरं रूप, सोळाव्या शतकापासून दिसतं. खरा घोळ पुढे आहे, सतराव्या-अठराव्या शतकातल्या लिखाणात प्लीट जवळजवळ सापडतच नाही आणि एकोणिसाव्यात परत येतो. शब्द मेला आणि पुन्हा जन्मला म्हणावं, तर जॉन वॉकरच्या उच्चारकोशात (पहिली आवृत्ती १७९१) प्लॅट हा शब्द 'प्लेट' असा म्हणावा, 'प्लीट' हा उच्चार भ्रष्ट, टाळावा, अशी ताकीद आहे. आता कोणी बोलतच नसेल तर ताकीद कशाला? तेव्हा तो बोलण्यात टिकून होता हेच मत जास्त पटतं.

निरीत कापडाचे तीन थर येतात, वरचा दिसणारा, खाली उलट वळलेला आणि परत सरळ आलेला. त्यामुळे एकीला एक टेकलेल्या पूर्ण निऱ्या घातल्या की १ इंच दिसायला ३ इंच कापड जातं, ३० इंच कमरेला ९० इंच, शिवाय शिलाईचा दाब वेगळा. शिलाई फक्त वरच्या कडेला, खाली निरी मोकळी (पूर्ण लांबी शिवली तर तो टक, आणि दोरा ओढून नुसत्या चुण्या आणल्या तर ते गॅदर). सुती कापडाची इस्त्री धुतल्यावर जाते, पॉलिस्टरची निरी मात्र उष्णतेने पक्की बसवता येते कारण तो धागा तापला की मऊ होतो आणि गार झाला की तोच आकार धरतो.

वेणीत घडी नसतेच, डावा पेड मधल्यावरून, मग उजवा मधल्यावरून, एवढंच. अमेरिकेत तिला ब्रेड (braid, पाव नव्हे) म्हणायची सवय जास्त. एकोणिसाव्या शतकातल्या शिवणाच्या इंग्रजी पुस्तकात 'बॉक्स-प्लॅट' दिसलं तर मात्र वेणी समजू नये, ती दोन्हीकडे दुमडलेली आजची बॉक्स प्लीटच.