गुळाने शुगर वाढत नाही?

"डायबेटिस असला तरी गूळ चालतो, शुगर वाढते ती साखरेने" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आपल्या कोकणात मोदक, खापरोळी, नारळीभात सगळ्यात गूळ, म्हणून नीट सांगते. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरेत असतं तेच, लहान आतड्यातलं सुक्रेज एन्झाइम त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, मग ते गुळातून आलं का साखरेतून, त्याला फरक पडत नाही. पुढे लिव्हरमधलं ग्लुकोकायनेज हे एन्झाइम ग्लुकोज पकडतं आणि इन्शुलिनच्या इशाऱ्यावर इतर एन्झाइम्स त्याचं ग्लायकोजेन (ग्लुकोजचे रेणू जोडून केलेला साठा) करून साठवतात, डायबेटिसमध्ये हा इशाराच कमी पडतो, म्हणून ग्लुकोज रक्तातच राहतं. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण त्याने ग्लुकोज कमी होत नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर गुळाच्या चहाआधी आणि तासाभराने तपासून बघा, दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.